पुटपुटीचा चिंचोका

आपल्या पणज्याच्या पणज्यालाही आठवली नसती इतकी जुनी ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक वरची आळी, एक खालची आळी आणि दोन्हींच्या मधोमध एक धर्मशाळा. त्या धर्मशाळेत शाळा भरायची. शाळा म्हणजे एक नव्हे, चांगल्या दोन. मध्ये कुडाची भिंत. भिंतीच्या अलीकडे एक गुरुजी, पलीकडे दुसरे. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं त्याला बारा वर्षं झाली होती. आणि भांडण कशावरून, तर लहान पोरांना आधी काय शिकवायचं, ह्यावरून. शिकलेली माणसं कशावरूनही भांडतात, त्याला आपण काय करणार.

वरच्या आळीची पोरं ज्यांच्याकडे जायची त्यांना सगळे कानगुरुजी म्हणत. त्यांचा सगळा भर आवाजावर. 'बदक' म्हणा, पहिला आवाज कुठला? ब. टाळी वाजवा. शेवटचा कुठला? क. टाळी वाजवा. ब काढून तिथं म घाला, काय झालं? मदक. असा शब्दच नाही, म्हणून पोरं खिदळायची. दिवसभर नुसता गलका. पण सहा महिन्यांत पोरं कुठलाही शब्द फोडून दाखवायची. लिहिण्याचं मात्र कानगुरुजींना भारी वावडं. वेलांटी पहिली की दुसरी, उकार इकडे की तिकडे, 'ल' काढायचा की 'ळ', असलं काही विचारलं की ते हात झटकायचे. म्हणायचे, नीट म्हणता आलं ना, मग झालं, लिहिणं येईल मागाहून. 'ळ' काढताना पोरांचा हात अडखळायचा, म्हणून त्यांनी तर सरळ सांगून टाकलं होतं की लिहिताना दोन्हींना एकच 'ल' वापरा, जिभेला फरक कळतो तेवढा पुरे.

खालच्या आळीचे गुरुजी ह्याच्या बरोबर उलट. त्यांना बोरूगुरुजी म्हणत, कारण बोरू त्यांच्या कानावरून कधी उतरलाच नाही. त्यांनी कित्ता घालून द्यायचा आणि पोरांनी तो गिरवायचा. एकेक शब्द शंभर वेळा. अक्षर असं की बघत राहावं, आणि शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही. पण वर्गात आवाज म्हणून नाही. बोरूगुरुजींचं म्हणणं असं की तोंड चाललं की हात चळतो. म्हणून त्यांच्या शाळेत एक रीत होती. लिहायला बसलं की प्रत्येकानं ओठांत एक चिंचोका धरायचा. ओठ हलले की चिंचोका पडायचा, आणि पडला की पाठीत धपाटा. गुरुजी स्वतःसुद्धा चिंचोका धरूनच लिहायचे, हे मात्र खरं, स्वतःला त्यांनी सूट दिली नव्हती. त्यांची पोरं गिरवलेले शब्द झोपेतही बिनचूक लिहायची. नवा शब्द पुढे ठेवला की मात्र त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत बसायची.

ह्या शाळेत सगुणा नावाची एक सात वर्षांची मुलगी होती. तिचा चिंचोका काही केल्या टिकायचा नाही. क काढला की तिचे ओठ 'क' म्हणून मोकळे व्हायचे. ती मुद्दाम करायची नाही, बिचारीला हात आणि तोंड वेगळं ठेवताच यायचं नाही. दिवसातून दहा वेळा टप्प, टप्प असा चिंचोका पाटीवर पडायचा. गुरुजींनी तिचं नावच पुटपुटी ठेवलं. मग काय, सगळा वर्ग तिला पुटपुटी म्हणायला लागला. ती घरी जाऊन आईजवळ रडायची आणि सकाळी नवा चिंचोका घेऊन परत शाळेत हजर व्हायची.

आता बोरूगुरुजींच्या घरातलं सांगतो. त्यांचा एक नातू होता, तीन वर्षांचा. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेलेली, म्हणून ह्याचं नाव दगडू ठेवलेलं. दगडासारखा टिकावा, एवढीच घरच्यांची इच्छा. वर्गात कुणाला न हसणारे गुरुजी ह्या दगडूला पाठंगुळीला घेऊन अंगणभर घोडा व्हायचे.

एके दिवशी दगडूच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काढायचा प्रयत्न झाला, पण टोक आतच राहिलं. दोन दिवसांत पाऊल सुजून टरटरीत झालं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. गावात वैद्य नव्हता. डोंगराच्या माथ्यावर झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी राहायची, तिच्या हाताला गुण होता. पण ती गुडघ्यांनी अधू, खाली यायची नाही. जायला एक दिवस, यायला एक दिवस. आणि तिचा एक दंडक होता. औषध कसं घ्यायचं ते ती तोंडी सांगून सोडायची नाही, लिहूनच न्यायला लावायची. डोंगर उतरेपर्यंत माणसं सांगितलेलं निम्मं विसरतात आणि उरलेलं बदलतात, असा तिचा अनुभव होता. स्वतःला लिहिता येत नसलं तरी लिहिण्याची किंमत तिला पुरती कळत होती.

गुरुजींचा मुलगा बैल घेऊन परमुलखात गेलेला. घरात गुरुजी, त्यांची बायको, सून आणि ते तापलेलं पोर. नेमकं वरच्या आळीतलं एक कुटुंब त्याच वाटेनं डोंगरापलीकडे लग्नाला निघालं होतं. त्यांचा महिपती म्हणजे कानगुरुजींचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. ते म्हणाले, आम्ही म्हातारीकडे थांबतो, आमचा महिपती सगळं नीट लिहून घेईल, आणि औषध त्या वाटेनं येणाऱ्या मीठवाल्याबरोबर खाली पाठवतो. बोरूगुरुजींच्या मनात आलं की पलीकडच्या शाळेतलं पोर काय डोंबल लिहिणार. पण अडला हरी म्हणून ते हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीठवाला आला. त्यानं एक पुरचुंडी आणि एक चिठ्ठी दिली आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला विचारण्यासारखं काही नव्हतं. पुरचुंडीत कसल्याशा वेलीचे तुकडे होते, तीन दिवस पुरतील इतके. चिठ्ठी अशी वेडीवाकडी लिहिलेली की बोरूगुरुजींचं डोकंच उठलं. 'धुवा'चा उकार दीर्घ, 'तीन'ची वेलांटी ऱ्हस्व, 'होईल'मध्ये ईच्या जागी इ. आजारी पोराच्या उशाशी असलं अशुद्ध लिहिलेलं ठेवायला त्यांचं मन घेईना. त्यांनी सवयीनं ओठांत चिंचोका धरला, बोरू शाईत बुडवला आणि चिठ्ठीची शुद्ध नक्कल करून काढली. तिन्ही चुका सुधारल्या. मूळ चिठ्ठी चुलीत टाकली आणि नक्कल कोनाड्यात चिकटवली. त्यावर लिहिलं होतं:

गरम पाण्याने पाय धुवा. वेल ठेचा. लेप करा. वेल लावू नका. तीन दिवस असेच करा. पोर बरे होईल.

घरच्यांनी तसंच केलं. पाय धुतला, वेल ठेचली, वाटीभर हिरवागार लेप केला. आणि मग सगळे वाटीकडे बघत बसले, कारण पुढे म्हटलं होतं, वेल लावू नका.

गुरुजींची बायको म्हणाली की अहो, लेप केलाय तर तो लावायलाच ना, नुसता बघायला कुणी लेप करतं का. गुरुजी तिच्यावर खेकसले. म्हणाले, लेप करा असं लिहिलंय, लावा असं कुठं लिहिलंय? उलट लावू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. एखादं औषध नुसतं उशाशी ठेवायचं असतं, त्याच्या वासानं गुण येतो, तुला काय कळतंय त्यातलं.  त्या मोत्यासारख्या अक्षरांपुढे बोलायची त्या माउलीची छाती झाली नाही. खरं सांगायचं तर गुरुजींनाही मनातून ते विचित्र वाटत होतं. पण त्यांनी ती चिठ्ठी चार वेळा तपासली आणि प्रत्येक शब्द शुद्ध निघाला. 'वेल' हा शब्द काही चुकीचा नव्हता हो. वेलांटी नाही, उकार नाही, चुकायला जागाच नाही. शुद्ध शब्दावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

लेप वाटीत वाळत राहिला. दुपारपर्यंत सूज घोट्याच्या वर चढली. संध्याकाळी दगडूनं पाणी मागणंही सोडलं. रात्र कशी गेली ते त्या घरालाच ठाऊक.

सकाळी सगुणा आली. आईनं तिच्या हाती ताकाचा गडू पाठवला होता. गुरुजींची तिला धास्ती वाटायची, म्हणून ती दाराशीच उभी राहिली. आत सून पोराचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. पोर निपचित पडलं होतं. सगुणेला काय करावं सुचेना. तिची नजर कोनाड्यातल्या चिठ्ठीवर गेली आणि सवयीनं तिचे ओठ हलायला लागले. बोट हवेत धरून ती एकेक अक्षर पुटपुटायला लागली. ग-र-म. पा-ण्या-ने. मध्येच ती थांबली. मागे गेली. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबली.

गुरुजींनी ते पाहिलं. एरवी त्यांनी डोळे वटारले असते, पण त्या दिवशी त्यांच्यात तेवढंही त्राण नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं की काय गं, काय झालं.

सगुणा घाबरत म्हणाली, "गुरुजी, ह्यातला एक आवाज चुकलाय."

"आवाज?" गुरुजी म्हणाले. "कागदाला कसला आला आहे आवाज? अक्षर बघ. एक तरी अक्षर चुकलंय का सांग."

"अक्षर नाही चुकलं. पण मी म्हणून बघितलं तर ते कुणी बोलल्यासारखं वाटत नाही. वेल ठेचा, लेप करा, वेल लावू नका, असं कोण सांगेल? माझी आई सांगताना म्हणते, हे कर, ते कर आणि वेळ लावू नकोस."

गुरुजींनी चिठ्ठीकडे पाहिलं. आणि काल सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी ती तोंडानं वाचली. वेल ठेचा. लेप करा. वेल लावू नका. मग त्यांनी ती पुन्हा वाचली, ह्या वेळी शेवटच्या वाक्यात 'ळ' म्हणून. वेळ लावू नका.

पण तरी एक प्रश्न राहत होताच. सात वर्षांची पोर सांगते म्हणून औषध लावायचं? आणि म्हातारीनं खरंच लावू नका म्हटलं असेल तर? नातवाच्या जिवाशी खेळ होता. डोंगरावर विचारायला माणूस पाठवावा तर दोन दिवस जाणार, आणि पोराकडे दोन दिवस दिसत नव्हते. ह्याचं उत्तर गावात एकाच माणसाकडे मिळण्यासारखं होतं, आणि तो कुडाच्या भिंतीपलीकडे बसत होता. बारा वर्षांचा ताठा गिळून त्याच्या दारात जायचं, की आपल्या हातच्या शुद्ध अक्षरावर भरवसा ठेवून बसायचं, एवढंच काय ते गुरुजींना ठरवायचं होतं.

गुरुजी उठले. पायात वहाणा घालायचंही त्यांना भान राहिलं नाही. ते तसेच धर्मशाळेत गेले, भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले आणि टाळ्या वाजवणाऱ्या पोरांच्या मधोमध उभे राहिले. 

"तुमचा महिपती 'वेळ' हा शब्द कसा लिहितो?" त्यांनी विचारलं.

बारा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. कानगुरुजी आधी बुचकळ्यात पडले. मग समोरच्या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी खुंटीवरची महिपतीची पाटी काढली. त्यावर लिहिलं होतं: सकाल झाली. बाल उठले. केले खाल्ले. सगळीकडे 'ल'. बोरूगुरुजींनी नुसतं त्या पाटीवर बोट ठेवलं आणि चिठ्ठीतलं वाक्य म्हणून दाखवलं. कानगुरुजींच्या कानाला आणखी सांगावं लागलं नाही.  ते म्हणाले, हे माझ्यामुळे झालं, मीच पोरांना दोन्हींना एकच 'ल' पुरे म्हणून सांगितलं.

"लिहिलं तुमच्या पोरानं," बोरूगुरुजी म्हणाले, "पण ते शुद्ध करून भिंतीवर मी लावलं. चला आता."

दोघे म्हातारे गावातून पळत गेले. लोक बघत राहिले. वाटीतला लेप वाळून खपली झाला होता, म्हणून उरलेल्या वेलीतून कानगुरुजींनी स्वतः खसाखसा नवी वेल ठेचली आणि बोरूगुरुजींनी लेप लावला. पुढचे दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी जखम फुटली, काट्याचं टोक पुवाबरोबर बाहेर आलं, ताप उतरला, आणि दगडूनं आजीकडे गूळ मागितला. सून तेव्हा जी रडायला लागली ती थांबेचना.

पोर वाचलं. पण पाय होता तसा राहिला नाही. टाच पुरती टेकेना, तो पाय ओढतच चालायला लागला. आठ-दहा दिवसांनी मीठवाला पुन्हा आला तेव्हा त्यानं म्हातारीचा निरोप आणला. कुणा वाटसरूकडून दगडूचं ऐकून ती हळहळली होती. म्हणाली होती, एक दिवस आधी लावला असता तर पाय सरळ राहिला असता, मी तर बजावून सांगितलं होतं की वेळ लावू नका.



दगडूच्या दुखण्यापासून बंद असलेली आपली शाळा बोरूगुरुजींनी दुसऱ्या दिवशी उघडली आणि सगुणेला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता काहीतरी शिक्षा होणार. तिनं घाईघाईनं चिंचोका ओठांत धरला. गुरुजींनी हात पुढे केला आणि म्हणाले, "तो इकडे दे."

तिनं दिला. मग भीत भीत विचारलं, "उद्या दुसरा आणू का?"

"मूठभर आण," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना पुरतील इतके आण." आणि भर वर्गात त्यांनी सांगितलं की इथून पुढे हिला पुटपुटी म्हणायचं नाही, सगुणा म्हणायचं. ह्या पोरीनं माझा नातू वाचवला आणि मी हिच्या पाठीत धपाटे घालत होतो, असंही ते म्हणाले. असं भर वर्गात बोलायला धैर्य लागतं. कित्येक गुरुजींना ते जन्मात जमत नाही.

मग कुडाची भिंत निघाली. वरची आणि खालची पोरं एका जागी बसायला लागली. पहिले काही दिवस बरीच धुसफूस झाली, नाही असं नाही. कानगुरुजींची पोरं कित्ता गिरवायला कंटाळायची आणि बोरूगुरुजींची पोरं मोठ्यानं म्हणायला लाजायची. दोघा गुरुजींचेही अधूनमधून खटके उडायचे. पण शिकवायची रीत ठरली ती ठरली. आधी कानगुरुजी एक शब्द म्हणायचे. पोरांनी तो तोंडानं म्हणायचा, त्याचे तुकडे करायचे, आणि ऐकू आलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी पाटीवर एक चिंचोका ठेवायचा. मग बोरूगुरुजींच्या देखरेखीखाली एकेक चिंचोका उचलून त्याच्या जागी ते अक्षर काढायचं, म्हणत म्हणत काढायचं. आणि लिहून झालं की बोट ठेवून परत वाचायचं, आपण म्हटलं तेच लिहिलंय ना, हे आपल्याच कानानं तपासायचं. जो चिंचोका तोंड बंद ठेवायला होता, तो असा तोंड उघडायला कामी आला.

महिपती लग्नाहून परत आला तेव्हा त्याला कुणी रागावलं नाही. त्याला फक्त 'ळ' काढायला बसवलं. चार दिवसांत त्याला तो जमला. इतका काही अवघड नसतो 'ळ'.

पुढे तीन वर्षांनी दगडू शाळेत आला. एक पाऊल टेकल्याचा आणि एक ओढल्याचा, असा त्याचा आवाज लांबूनच यायचा, आणि तो ऐकला की बोरूगुरुजींच्या हातातला बोरू जरा थांबायचा. नव्या मुलांचा पहिला शब्द त्या शाळेत ठरलेला असे. दगडूनं पाटीवर दोन चिंचोके ठेवले. एक उचलला आणि 'वे' काढलं. दुसरा उचलला आणि ओठ हलवत, जीभ मागे वळवत, सावकाश 'ळ' काढला. मग बोट ठेवून वाचलं, वेळ. आणि वर बघून त्यानं विचारलं की आजोबा, सगळ्यांना आधी हाच शब्द का देता?

गुरुजींनी त्याच्या त्या अधू पायावर हात ठेवला. म्हणाले, "बाळा, हा शब्द मी एकदा डोळ्यांनी पाहिला आणि कानांनी ऐकला नाही, म्हणून."

ह्यातून घ्यायचं ते तात्पर्य एवढंच: अक्षर आणि त्याचा आवाज पोरांना एकत्रच द्यावा. नुसतं ऐकून लिहिणं अर्धवट राहतं आणि नुसतं बघून वाचणंही अर्धवटच राहतं, आणि आपल्या अर्ध्या शिकवण्याची भरपाई कधीकधी एखाद्या लेकराला जन्मभर करावी लागते.